वाचकांचे प्रश्न : पायी फिरता येईल अशी परवडणारी वस्ती

घर बदलण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला दिलेले उत्तर मोठे आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट गोव्यात नव्याने येणाऱ्या बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांना भेडसावते आणि तिचा विचार घाईने केला, तर पुढची दोन-तीन वर्षे त्या घाईची किंमत मोजावी लागते.

प्रश्न : माझी इचलकरंजीहून पणजीला बदली झाली असून कार्यालय पाटो येथे आहे. घरी पत्नी, अडुसष्ट वर्षांची आई आणि मराठी माध्यमात तिसरीत शिकणारी मुलगी आहे. आमच्याकडे एक दुचाकी आहे. पत्नी वाहन चालवत नाही. भाड्यासाठी दरमहा १५ हजार रुपयांपलीकडे जाणे मला शक्य नाही. सहकारी म्हणतात की, कदंब पठारावरील नव्या संकुलात घर घ्यावे आणि जोडीला एक जुनी मोटार घ्यावी, कारण तेवढ्याच भाड्यात तेथे मोठे, नवे घर मिळते. आईला रोज देवळापर्यंत चालत जाण्याची सवय आहे. भाजी, शाळा, दवाखाना यांसाठी पत्नीला कोणावर अवलंबून राहायचे नाही. पणजीच्या आसपास अशी वस्ती मिळेल काय, आणि ती ओळखावी कशी? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मिळेल, मात्र ती शोधण्यासाठी नव्या संकुलांच्या जाहिराती बाजूला ठेवून जुन्या वाड्यांकडे आणि जुन्या बाजारांकडे पाहावे लागेल. गोव्यात शहर आणि खेडे यांच्यामधली रेषा फार पुसट आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी ठरली, आणि देशातील सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. पण त्यातला मोठा भाग पंचायतींच्या हद्दीत राहतो. ताळगाव, सांताक्रूझ, मेरशी, पर्वरीचा परिसर ही नावे आपण उपनगरे म्हणून घेतो, तरी तेथे नगरपालिका नाही. उपनगर म्हणून कोणी आखलेले नसल्यामुळे या गावांत दोन प्रकारच्या वस्त्या शेजारीशेजारी उभ्या आहेत. एक जुना वाडा, जेथे देऊळ किंवा चर्च, प्राथमिक शाळा, पोसरो म्हणजे किराणा दुकान, मासळीची जागा आणि बसथांबा हे सारे दहा मिनिटांच्या अंतरात आहे, कारण वाहने नसलेल्या काळात लोकांना तसेच राहावे लागत होते. दुसरी वस्ती पठारावर किंवा हमरस्त्यालगत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभी राहिलेल्या संकुलांची. तेथे घर चांगले असते, हवा मोकळी असते, पण दूध आणायचे तरी गाडीची किल्ली शोधावी लागते.

कदंब पठार हे या दुसऱ्या प्रकारात मोडते. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या बगलरस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही संकुले आहेत, वाहतूक वेगाची आहे आणि रस्ता ओलांडणे वृद्ध व्यक्तीला अवघड आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गोव्यातील नव्या संकुलांमध्ये सुट्टीपुरती वापरायला किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेली घरे पुष्कळ असतात आणि ती वर्षाचे बहुतेक महिने बंद राहतात. बंद घरांच्या इमारतीखाली किराणा दुकान चालत नाही, दुकान नसले की पायी जाणारे कोणी नसते, आणि पायी जाणारे नसले की संध्याकाळी त्या रस्त्यावरून एकट्या बाईला चालावेसे वाटत नाही. म्हणून घर पाहायला गेल्यावर प्रथम इमारतीच्या खिडक्या पाहा. किती गॅलऱ्यांत कपडे वाळत आहेत आणि रात्री आठला किती घरांत दिवे आहेत, हे दलालाच्या सांगण्यापेक्षा अधिक भरवशाचे आहे.

आता पैशांचा हिशोब. घराचे भाडे आणि येण्याजाण्याचा खर्च हे दोन वेगळे आकडे मानले जातात. ते एकच आहेत असे समजून तुलना करावी. समजा, पठारावरचे घर १३ हजारांत मिळाले आणि जुन्या वस्तीतले तेवढ्याच खोल्यांचे, पण जुने घर १५ हजारांत मिळाले. पठारावर मोटार घ्यावी लागली आणि तिच्यासाठी कर्जाचा हप्ता, पेट्रोल, विमा व दुरुस्ती मिळून महिन्याला सहा-सात हजार जाऊ लागले, तर स्वस्त वाटलेले घर जवळपास २० हजारांना पडते. शिवाय त्या एका मोटारीची किल्ली तुमच्या खिशात असणार, म्हणजे दिवसभर पत्नी आणि आई घरातच अडकणार. सहकाऱ्यांचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही. ज्या घरात दोन वाहने आणि ती चालवणारी दोन माणसे आहेत, त्या घराला तो लागूही पडतो. तुमच्या घराला तो लागू पडत नाही.

तुमच्या बाजूची मोठी गोष्ट म्हणजे कार्यालय पाटोला आहे. कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाचे पणजी बसस्थानक तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे पणजीला येणारी जवळजवळ कोणतीही बस तुम्हाला थेट कार्यालयाजवळ सोडते. कार्यालय मिरामारला किंवा दोनापावला येथे असते, तर बस बदलावी लागली असती आणि हे उत्तर निराळे झाले असते. म्हणून तुम्ही पणजीपासूनचे किलोमीटर मोजू नका. बसस्थानकावर थेट येणाऱ्या बसमार्गावर घर आहे की नाही, एवढे पाहा.

या दृष्टीने मी पहिले नाव रायबंदरचे घेईन. ते पणजी महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. पोर्तुगीज काळात, १६३३-३४ साली, बांधलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा पाँते दे लिन्यारिस हा बांध मिठागरांमधून रायबंदरला थेट पाटोशी जोडतो. जुन्या गोव्याकडे व पुढे फोंड्याकडे जाणाऱ्या अनेक बसगाड्या याच रस्त्याने जातात, त्यामुळे सकाळी बससाठी फार वेळ थांबावे लागत नाही. वस्ती मांडवीच्या काठाने लांबट पसरली आहे, घरे जुनी आहेत, दुकाने रस्त्यालगतच आहेत आणि चोडणला जाणारी फेरीबोट येथूनच सुटते. उणिवाही सांगतो. मुख्य रस्ता अरुंद आहे व बऱ्याच भागात पदपथ नाही. टेकडीच्या बाजूची घरे स्वस्त मिळतात, पण तेथवरचा चढ आईच्या गुडघ्यांना मानवेल काय, हे तिला सोबत नेऊनच ठरवावे. जुन्या घराच्या तळमजल्यावर ओल किती चढते तेही पाहावे लागेल.

दुसरे नाव सांताक्रूझ आणि त्याला लागून असलेल्या मेरशीचे. येथे अजूनही खऱ्या अर्थाने गाव आहे. अंतर्गत रस्त्यांवर वाहतूक बेताची असते, सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो, आणि पणजीच्या बसगाड्या गावातून जातात. पणजीतून स्थलांतरित झालेल्या अनेक शाळांचे कुजिरा शैक्षणिक संकुल आणि बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ, ही दोन्ही जवळ आहेत. आईच्या वयाचा विचार करता गोमेकॉ जवळ असणे ही किरकोळ गोष्ट नाही. सांताक्रूझमध्ये घर शोधताना मात्र गावाचा जुना भाग आणि हमरस्त्याकडेची नवी वाढ यांत फरक करा. पत्ता एकच असतो, राहणे वेगळे असते. शेतजमिनीच्या पातळीवरच्या सखल घरांत पावसाळ्यात पाणी येते काय, हे शेजाऱ्यांना विचारल्यावाचून विसार देऊ नका.

बेतीचाही विचार करावा, कारण त्याकडे नव्याने येणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. मांडवीच्या पलीकडच्या तीरावरच्या या गावातून फेरीबोट थेट पणजीच्या काठाला लागते आणि तेथून नदीकाठाने पाटोला चालत जाता येते. पुलावरच्या गर्दीशी तुमचा संबंधच उरत नाही. बेतीचे खालचे गाव आणि वरचे आल्त बेती यांच्यामध्ये मोठा चढ आहे. घर खाली, धक्क्याच्या बाजूला मिळाले तरच हा लाभ घेता येतो.

पर्वरीविषयी अधिक लिहावे लागेल, कारण दलाल तुम्हाला सर्वांत आधी तेथेच नेतील. पर्वरीत घरे भरपूर आहेत, विधानसभा संकुल आहे, मराठी माणसाला जवळचे वाटावे असे गोमंतक मराठी अकादमीचे मराठी भवन आहे, आणि आल्त पर्वरीतील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीचे रस्ते पायी फिरण्यास चांगले आहेत. पण मुंबई–गोवा महामार्ग पर्वरीच्या मधून जातो व वस्तीचे दोन तुकडे करतो. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर नकाशावर तीनशे मीटर दिसणारे अंतर मुलीला एकटीने कधीच पार करता येणार नाही. त्यातच तेथे उन्नत महामार्गाचे काम काढण्यात आल्याने वाहतूक वारंवार वळवली जाते; काम ज्या टप्प्यावर असेल तो स्वतः पाहून घ्या. पाण्याच्या तक्रारीही पर्वरीत जुन्याच आहेत. पर्वरी ज्यात येते त्या बार्देश तालुक्याला अस्नोडा प्रकल्पाचे पाणी येते, तर पणजीच्या तिसवाडी तालुक्याला ओपा प्रकल्पाचे. नळाला पाणी किती वेळ येते आणि टँकर मागवावा लागला तर त्याचे पैसे कोण देते, हे करारापूर्वी विचारा. थोडक्यात, पर्वरीत घर घ्यायचेच तर महामार्गाच्या ज्या बाजूला शाळा आणि बाजार असेल त्याच बाजूला घ्या.

१५ हजारांत या ठिकाणी मनासारखे घर मिळाले नाही, तर पणजीच्या अधिक जवळ जाण्याचा हट्ट न धरता थेट म्हापशाचा विचार करा. अंतर सुमारे १३ किलोमीटर आहे आणि कदंबची विनाथांबा बस बसस्थानकापासून बसस्थानकापर्यंत धावते. खिडकीवर तिकीट काढून रांगेने चढायचे असल्यामुळे वृद्धांनाही ती सोयीची पडते. म्हापसा हे बाजाराचे गाव आहे. शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध आहे, पण रोजचा बाजारही इतका भरलेला असतो की भाजी, मासळी, कापड, औषधे यांसाठी दुसरीकडे जावे लागत नाही. पेडे येथे जिल्हा इस्पितळ आहे. आईला बोडगेश्वराच्या दर्शनाला जाता येईल. खोर्ली, अन्साभाट, दत्तवाडी या भागांत बाजारापर्यंत चालत जाता येईल अशी जुनी घरे आणि लहान इमारती आहेत. माझ्या मते, पत्नी आणि आई यांच्या दिवसाचा विचार केला तर म्हापसा पर्वरीपेक्षा सरस आहे. तुमच्या दिवसाचा विचार केला तर गिरीपासून पर्वरीपर्यंतची वाहतूक तुमची अर्धा तास झोप कमी करील. घरातल्या तीन माणसांचे चालणे सोपे व्हावे म्हणून एकाने बसमध्ये थोडा अधिक वेळ बसावे, हा सौदा मला योग्य वाटतो. तुम्हाला तो मान्य आहे की नाही, हे तुम्ही घरी बसून ठरवा.

ताळगाव चांगले आहे, पण बस शहर ओलांडून जाते आणि नव्या इमारतींचे भाडे वाढते आहे. मळा आणि फोंताइन्यास हे पणजीतले सर्वांत चालण्याजोगे भाग. तथापि मळ्यात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी साचते, आणि फोंताइन्यासमधील अनेक घरे आता पर्यटकांसाठी राखली जातात. कळंगुट, कांदोळी, हणजूण, आसगाव, शिवोली या किनारी पट्ट्यात भाड्याचे घर शोधू नका. तेथले भाव पर्यटनाने ठरतात, तुमच्या पगाराने ठरत नाहीत.

मुलीच्या शाळेविषयी एक गोष्ट आताच ध्यानात घ्यावी. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मराठी माध्यमाच्या शाळा पुष्कळ आहेत, परंतु पाचवीपासून पुढे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून होते. म्हणजे तिला मराठीत शिकण्याची आणखी फार तर दोन वर्षे मिळतील आणि मग माध्यम बदलेल. घर निवडताना केवळ जवळची प्राथमिक शाळा पाहून भागणार नाही. चांगले माध्यमिक विद्यालयही चालत किंवा एका बसने गाठता यायला हवे. शिवाय पटसंख्या फार घटलेली शाळा पुढे दुसऱ्या शाळेत विलीन होण्याची शक्यता असते, म्हणून प्रवेशापूर्वी शिक्षकांना भेटून वर्गातली मुले किती आहेत ते विचारा.

वस्ती ओळखण्याची रीत आता सांगतो. घर रविवारी दुपारी पाहू नका. त्या वेळी गोव्यातले सर्वच रस्ते शांत आणि सुंदर दिसतात. सोमवारी सकाळी आठ वाजता त्या वस्तीतल्या थांब्यावर जाऊन अर्धा तास उभे राहा. किती बस येतात, त्यांतल्या किती भरून न थांबता जातात, हे स्वतः पाहा. कंडक्टरला शेवटची बस किती वाजता सुटते ते विचारा, कारण रात्री आठनंतर गोव्यातील बहुतेक मार्गांवर बसगाड्या विरळ होतात, आणि कार्यालयात उशीर झाला तर त्यावरच सारे अवलंबून असते. अन्य शहरांप्रमाणे ओला-उबरचा आधार येथे धरता येत नाही. २०१८ पासून गोवा माइल्सची टॅक्सी ॲपवरून मागवता येते आणि पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकली चालवणारे पायलट हा गोव्याचा जुना, भरवशाचा आधार आहे; पण पायलटच्या मागे बसून आई डॉक्टरांकडे जाणार नाही, हेही खरे.

त्यानंतर आईला सोबत घेऊन घरापासून देऊळ, दुकान आणि थांबा या तीन ठिकाणी चालत जा. वेग तिचा असू द्या. पदपथ नसेल तर निराश होऊ नका. गोव्यातील गावांत पदपथ क्वचितच आढळतो, आणि वाहने कमी असलेला, वळणावळणांचा वाड्यातला रस्ता पदपथ असलेल्या हमरस्त्याहून सुरक्षित असू शकतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, परंतु तुम्हाला पाहायचे आहे ते निराळे: गटारांवर झाकणे आहेत काय, रस्त्यावरचे दिवे लागतात काय, भटकी कुत्री टोळीने बसतात काय, आणि समोरून टेम्पो आला तर बाजूला उभे राहायला जागा आहे काय. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात चालण्याजोगा वाटलेला रस्ता आषाढात छत्री धरून चालण्याजोगा राहील काय, हा प्रश्न प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा.

करार बहुधा ११ महिन्यांचा होतो. भाडेकरूच्या पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात देणे आवश्यक आहे. घरमालक टाळाटाळ करीत असेल तर ते घर सोडून द्या, कारण जो येथे टाळतो तो पुढे दुरुस्तीलाही टाळेल. शक्य असल्यास तुम्ही एकटे आधी या, एखाद्या खोलीत महिना-दीड महिना राहा, संध्याकाळी या वस्त्यांतून चाला आणि मग कुटुंबाला आणा. एवढी सवड असेल तर ती घ्या. घर शोधण्याच्या कामात याहून उपयुक्त काही मला माहीत नाही.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त असून वास्कोला भाड्याने राहतो. साठवलेल्या पैशांतून मडगाव किंवा फोंड्यात लहानसा फ्लॅट विकत घ्यावा असा विचार आहे. पत्नीचे गुडघे दुखतात. दोघांनाही वाचनाची आणि नाटकाची आवड आहे. कोठे घ्यावा, आणि घेताना काय तपासावे? — एक ज्येष्ठ नागरिक, वास्को

उत्तर : नाटक आणि वाचन म्हणालात तर मन फोंड्याकडे ओढले जाते. राजीव गांधी कला मंदिर तेथे आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडे, रामनाथी ही देवस्थाने जवळ असल्याने उत्सवांच्या निमित्ताने संगीत-नाटकांची परंपरा त्या तालुक्यात अजून जिवंत आहे, आणि मराठी वाचकवर्गही मोठा आहे. पण फोंडा चढउताराचे गाव आहे. तिस्कापासून वरच्या बाजारापर्यंत चालून पाहा, म्हणजे माझे म्हणणे लक्षात येईल. दुर्गाभाट, शांतीनगर, खडपाबांध या भागांत घर पाहताना बाजारापासूनचे अंतर विचारू नका. मध्ये किती चढ आहे ते विचारा, आणि परत येताना भाजीची पिशवी हातात असणार हे गृहीत धरा.

मडगाव बऱ्याच अंशी सपाट आहे. तेथे रवींद्र भवन आहे, दक्षिण गोव्याचे जिल्हा इस्पितळ आहे आणि कोकण रेल्वेचे मोठे स्थानक आहे. पण मडगावात एक अडचण नीट समजून घ्यावी: कदंबचे बसस्थानक जुन्या बाजारापासून बरेच दूर, उत्तरेला आहे. बाजाराजवळ घर घेतले तर बसस्थानक लांब पडते, आणि फातोर्ड्याच्या बाजूला घेतले तर रवींद्र भवन व बसस्थानक जवळ येतात, पण बाजार दुरावतो. तुम्ही निवृत्त आहात, रोज पणजीला जायचे नाही. म्हणून बाजार जवळ असलेला कोंब, आके, बोर्डा हा भाग मी निवडीन. गुडघ्यांचा विचार निर्णायक ठरत असल्याने माझा कौल मडगावला आहे. फोंड्यात तळमजल्यावर, बाजाराच्या पातळीवर घर मिळाले तरच तो बदलावा.

तपासण्याच्या गोष्टींत पहिली म्हणजे ताबा-प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ऑक्युपन्सी म्हणतात. ते नगरपालिकेने किंवा पंचायतीने दिलेले असावे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा), शहरी मोजणी झालेल्या भागात फॉर्म डी, आणि बिगरशेती वापराची सनद वकिलाकडून पाहून घ्या. उताऱ्यावर कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) किंवा कोमुनिदाद (गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) यांचा हक्क नोंदलेला असेल तर तो प्रश्न सुटेपर्यंत पैसे देऊ नका. इमारत नवी असेल आणि जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठांहून अधिक असतील, तर २०१६ च्या कायद्यानुसार रेराची, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. जुनी इमारत असेल तर लिफ्ट चालते काय आणि गृहनिर्माण संस्था नोंदलेली आहे काय, हे विचारा. बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करण्यास पैसे कोणी द्यायचे यावर भांडणे चालू असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे घर कितीही स्वस्त मिळाले, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाने ते घेऊ नये.

प्रश्न : मी खासगी नोकरी करणारी तरुणी असून पणजीजवळ एका खोलीचे घर शोधत आहे. ओळखीचे म्हणतात, पावसाळ्यात भाडे कमी होते, तेव्हाच घ्यावे. हे बरोबर आहे काय? — एक वाचक, डिचोली

उत्तर : पावसाळ्यात घर पाहावे हे बरोबर, पण कमी भाड्यासाठी नव्हे. जून-जुलैत घर खरे दिसते: भिंतींवर ओल कोठपर्यंत चढते, कपाटाला बुरशी येते काय, चिऱ्याच्या भिंतीतून पाणी पाझरते काय, खिडकीतून आलेला पाऊस पलंगापर्यंत पोहोचतो काय, आणि गल्लीतले पाणी किती वेळात ओसरते. या गोष्टी मार्चमध्ये कोणीही तुम्हाला दाखवणार नाही.

भाड्याची गोष्ट सावधगिरीने घ्या. पर्यटनाच्या पट्ट्यात काही मालक जूनमध्ये स्वस्तात घर देतात आणि ऑक्टोबर आला की हंगामासाठी ते रिकामे करायला सांगतात. म्हणून बोलणे सुरू होताच विचारा की, घर पूर्ण ११ महिने माझ्याकडेच राहील काय, आणि हो म्हटले तर तसे करारात लिहून घ्या. तुम्ही एकट्या राहणार आहात, तेव्हा पहिल्या पत्राच्या उत्तरातील शेवटच्या बसची चौकशी तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता रात्री साडेआठला एकदा स्वतः चालून पाहा, सोबत मैत्रीण असली तर उत्तम. रायबंदर आणि सांताक्रूझचा जुना भाग तुम्हालाही मानवेल. तेथे घरमालक बहुधा त्याच अंगणात राहतात आणि उशिरा परतणाऱ्या भाडेकरूकडे शेजाऱ्यांचे लक्ष असते. काहींना ते नको वाटते. तुम्हाला चालत असेल, तर अशा घरमालकाच्या तळमजल्यावरची किंवा मागच्या बाजूची स्वतंत्र खोली पाहा. अशा खोल्यांच्या जाहिराती सहसा निघत नाहीत, वाड्यावरच्या दुकानदाराला विचारल्यावरच त्यांचा पत्ता लागतो.